खोली विकावी की थांबावे: गिरणगावातील एका कुटुंबाचे प्रकरण

लालबाग-परळच्या पट्ट्यात एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर १८० चौरस फुटांची एक खोली आहे. त्या खोलीत पाच माणसे राहतात, तिच्यात आपलाही वाटा आहे असे सहाव्या माणसाचे म्हणणे आहे, आणि भाडेपावती अजून सातव्या माणसाच्या नावाने निघते, जो आज हयात नाही. ही खोली विकून बदलापूरला मोठे घर घ्यावे, की पुनर्विकासाला संमती देऊन त्याच जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीतल्या घराची वाट पाहावी, असा प्रश्न या कुटुंबापुढे आला. तो कसा सोडवला गेला, आणि कितपत सुटला, याची ही नोंद आहे.

हे कुटुंब कोणा एका घराचे हुबेहूब चित्र नव्हे. गिरणगावात घरोघरी दिसणाऱ्या परिस्थितीवरून ते रचले आहे. कायदे, नियम, ठिकाणे आणि सार्वजनिक घटना मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

कुटुंब आणि खोली

वडील १९६०च्या दशकाच्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईत आले. काही वर्षे गावकऱ्यांच्या खोलीत राहिले, गिरणीत आधी बदली कामगार आणि पुढे साचेखात्यात कायम झाले. लग्नानंतर आईचे दागिने मोडून त्यांनी ही खोली पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्काने, घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, आणि त्यातील हजारो कामगारांप्रमाणे वडीलही पुन्हा गिरणीत जाऊ शकले नाहीत. त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी धरली, आईने घरीच खानावळ चालवली, आणि दोन्ही मुलगे त्याच खोलीत वाढले.

थोरले आज ५२ वर्षांचे आहेत. त्यांच्या लग्नाच्या वेळी खोलीत आणखी एका संसाराला जागाच नव्हती, म्हणून ते डोंबिवलीला गेले. धाकटे ४४ वर्षांचे असून पत्नी, दहावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि ७१ वर्षांची आई यांच्यासह खोलीत राहतात. त्यांची नोकरी पूर्वी लोअर परळला होती. कार्यालय ऐरोलीला हलल्यापासून त्यांना ठाण्याला गाडी बदलून जावे लागते. त्यांच्या पत्नी परळच्या एका रुग्णालयात नोंदणी खिडकीवर काम करतात आणि चालत कामावर जातात. या दोन नोकऱ्यांची दिशा विरुद्ध आहे. ‘कामाच्या जवळ राहू’ हा सरळ दिसणारा निकष त्यामुळे या घराला फारसा उपयोगी पडला नाही.

चाळ १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत आहे. लाकडी जिना, मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालये, आणि मागच्या बाजूला काही वर्षांपासून दिलेले टेकू. १९६९च्या कायद्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर सुरू झाला तेव्हा मुंबई शहरात त्या १९,६४२ होत्या, आणि अजूनही तेरा हजारांच्या आसपास उभ्या आहेत. म्हणजे हा प्रश्न एका खोलीपुरता मुळीच नाही.

परिसर कोणासाठी बदलला

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार गिरण्यांची जमीन विकसित करताना तिचे ढोबळमानाने तीन भाग व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरबांधणीसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते उरले, आणि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्यानंतर लोअर परळ आणि आसपास काय उभे राहिले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. परिसरात नोकऱ्या पुष्कळ आल्या, पण गिरणी कामगारांच्या मुलांच्या वाट्याला त्यांतल्या बहुतांशी सुरक्षारक्षक, सफाई, पोहोचवणी आणि मदतनीस अशा आल्या. रस्ते, पूल आणि स्थानके मात्र गिरण्यांच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजी आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. हा परिसर एका प्रकारच्या वस्तीसाठी बांधला होता आणि वापरला जात होता दुसऱ्याच प्रकारच्या गर्दीकडून, हे त्या सकाळी सगळ्या शहराला दिसले.

वडिलांनी गिरणी कामगार म्हणून म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरला होता. असे अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आले, २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, आणि वडिलांचा क्रमांक त्यांच्या हयातीत लागला नाही. अलीकडे मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरे देण्याचा सरकारी प्रस्ताव पुढे आला तेव्हा कामगार संघटनांनी त्याला विरोध केला, कारण मागणी मुंबईतल्या घरांची होती. या घरातही त्या अर्जाची पावती जपून ठेवलेली आहे, परंतु निर्णय घेताना ती हिशेबात धरायची नाही, असे सर्वांनी सुरुवातीलाच ठरवले. माझ्या मते हे शहाणपणाचे होते. कधी येईल ते ठाऊक नसलेल्या घराच्या भरवशावर हाताशी असलेल्या घराचा निर्णय लांबवणारी कुटुंबे या भागात थोडी नाहीत, आणि त्या लांबणीची किंमत बहुधा घरातल्या वृद्धांना मोजावी लागते.

दोन प्रस्ताव

एकाच पावसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. चाळीच्या मालकाने नेमलेल्या विकासकाने विकास नियमावलीतल्या, उपकरप्राप्त इमारतींसाठी असलेल्या नियम ३३(७) खालच्या पुनर्विकासासाठी भाडेकरूंच्या संमत्या गोळा करायला सुरुवात केली. या योजनेला पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागे, आता ५१ टक्के पुरते. नियमाने किमान ३०० चौरस फूट कार्पेटचे, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचे, घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. विकासकाने ४०५ फूट देऊ केले. त्याच सुमारास एका दलालामार्फत खोली सरळ विकत घेण्याचा निरोप आला. मालकाचा हिस्सा वजा जाता उरणाऱ्या रकमेत बदलापूरला दोन शयनगृहांचे घर येऊन थोडे पैसे हातात राहणार होते.

थोरल्यांचे मत विक्रीचे होते. त्यांनी ते स्वार्थापोटी मांडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोंबिवलीत वीस वर्षांहून अधिक काळ काढल्यावर त्यांना ठाऊक होते की दूर जाऊनही संसार उभा राहतो, मुले शिकतात, शेजार जमतो. टेकू लावलेल्या इमारतीत आई झोपते, हा विचार त्यांना दर पावसाळ्यात छळत असे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हापासून हे बोलणे त्यांच्याकडून वारंवार होत होते. धाकट्यांना थांबायचे होते, पण विचारल्यावर त्यांना कारण नीट सांगता येत नसे; ‘आपण इथलेच’ यापलीकडे ते जात नसत. त्यांच्या पत्नीचे म्हणणे सर्वांत स्पष्ट होते: बदलापूरहून परळला साठेक किलोमीटरचा प्रवास दोन्ही वेळा करून रुग्णालयातील पाळ्या सांभाळता येणार नाहीत, म्हणजे विक्री झाली तर आपली नोकरी गेली असे समजावे. आईला कोणी विचारलेच नव्हते.

या टप्प्यावर घरातली चर्चा ‘मुंबई सोडायची की नाही’ या एकाच वाक्याभोवती फिरत होती आणि म्हणून पुढे सरकत नव्हती. एका खोलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या आहेत, हे वेगळे काढल्यावरच मार्ग दिसू लागला. पहिली गोष्ट भाडेकरू म्हणून असलेला हक्क, दुसरी रोजचे राहणे, आणि तिसरी आजूबाजूची माणसे. हक्क विकता येतो, जपता येतो किंवा निष्काळजीपणे गमावताही येतो. राहण्याची जागा काही वर्षांपुरती बदलता येते. माणसांचे मात्र दोन्हींहून वेगळे आहे, कारण ती आपण हललो नाही तरी हलतात.

हक्क: पावती कोणाची

आधी पावतीचा प्रश्न घेतला गेला, कारण त्याशिवाय दोन्ही प्रस्ताव पोकळ होते. मृत व्यक्तीच्या नावाची पावती घेऊन विक्री करता येत नाही आणि विकासकाशी वैयक्तिक करारही नीट होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातील ‘भाडेकरू’ या संज्ञेच्या व्याख्येनुसार राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर हक्क त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीकडे जातो. सर्व वारसांत तो आपोआप समान वाटला जात नाही. वडील गेले तेव्हा खोलीत आई आणि धाकट्यांचे कुटुंब राहत होते. थोरले डोंबिवलीत होते.

हे कळल्यावर थोरले दुखावले. वडिलांच्या अखेरच्या आजारपणाचा निम्म्याहून अधिक खर्च त्यांनी केला होता, आणि जागा नाही म्हणून घर सोडले त्याचाच हा परिणाम, असे त्यांना वाटले. त्यांचे वाटणे चुकीचे नव्हते. गिरणगावातील बहुतेक घरांत एक भाऊ बाहेर पडतो म्हणून दुसऱ्याला खोलीत संसार करता येतो. बाहेर पडणाऱ्याने ती जागा मोकळी करून दिलेली असते, आणि या त्यागाची दखल कायद्यात कोठेही नाही. कायद्याने जे दिले नाही ते कुटुंबाने लेखी देणे, एवढाच मार्ग उरतो. वकिलाच्या सल्ल्याने पावती आईच्या नावावर करण्याचा अर्ज मालकाकडे गेला. तिघांनी मिळून एक कौटुंबिक समझोताही लिहिला: नवे घर मिळाल्यास ते धाकट्यांकडे राहील, आणि ते कधी विकले गेले तर किंमतीचा ठरावीक हिस्सा थोरल्यांना मिळेल, खोली आत्ताच विकली गेली तरी तोच हिस्सा. हा कागद झाल्यावर थोरल्यांचा विक्रीचा आग्रह कमी झाला. पैशाची घाई त्यांना कधीच नव्हती. वगळले जाण्याची भीती होती, आणि ती बोलून दाखवणे अवघड होते म्हणून तिच्या जागी इमारतीच्या धोक्याचा मुद्दा पुढे येत असे. अर्थात धोका खराच होता.

मधल्या काळात एका नातेवाइकाने सुचवले की दोन्ही प्रस्ताव बाजूला ठेवा, खोलीला कुलूप लावा, सगळे डोंबिवलीला भाड्याने राहा आणि भाव वाढला की बघा. हा सल्ला फार सहज दिला जातो, म्हणून त्यातला धोका स्पष्ट सांगायला हवा. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालकाला जागा परत मागण्याचा आधार याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हेही जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. कुलूप लावून निघून गेल्याने काहीच ठरत नाही असे वाटते, पण प्रत्यक्षात तोही एक निर्णय असतो, आणि तो मालकाच्या बाजूने झुकलेला असतो.

विक्रीचा हिशेब

पागडीचा व्यवहार आज बेकायदेशीर नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ नुसार भाडेकरूला हक्क सोडताना मोबदला घेता येतो आणि हस्तांतराला संमती देताना मालकालाही घेता येतो. मालक आपला हिस्सा बहुधा तृतीयांशाच्या आसपास धरतो. भाडेहक्क ही करकायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता असल्यामुळे उरलेल्या रकमेवर भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो, आणि नवे घर घेतल्यास कोणती सवलत कशी मिळते हे सनदी लेखापालाकडून आधीच लिहून घ्यावे लागते. दलालाने सांगितलेला आकडा, मालकाला दिल्यावरचा आकडा आणि बदलापूरच्या घराची नोंदणी, मुद्रांक शुल्क व अंतर्गत सजावट झाल्यावर हातात राहणारा आकडा हे तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा ‘थोडे पैसे हातात राहतील’ यातले थोडे फारच थोडे आहेत हे दिसले. त्यात सुनेचा बंद होणारा पगार कोणी धरलाच नव्हता. तो धरल्यावर काही वर्षांतच हे घर आजच्यापेक्षा मागे जाणार होते.

तरीही विक्री वाईटच, असा निष्कर्ष मी काढणार नाही. घरात परळवर अवलंबून असलेली एकही नोकरी नसती आणि आई सोबत जायला तयार असती, तर मोठे, सुरक्षित, स्वतःच्या मालकीचे घर ताबडतोब मिळणे हा मोठा लाभ होता. चाळीतल्याच दोन कुटुंबांनी तसे केले आणि त्यांचे बरे चालले आहे.

पुनर्विकासाची वाट

वाट पाहण्याचे धोके विक्रीच्या धोक्यांपेक्षा कमी दिसतात, कारण ते पुढे ढकललेले असतात. इमारत पाडली जाते, तात्पुरत्या घरासाठी विकासकाकडून पहिली काही वर्षे भाडे येते, मग धनादेश थांबतात, विकासक बदलतो, प्रकरण न्यायालयात जाते. दुरुस्तीसाठी म्हणून म्हाडाच्या संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांपैकी काहींच्या पुढच्या पिढ्या तेथेच मोठ्या झाल्या, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. वरळीच्या बीडीडी चाळींचे उदाहरण चाळीच्या बैठकीत वारंवार दिले गेले: ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पहिल्या ५५६ रहिवाशांना ५०० फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ते उदाहरण आशा वाटावी असे आहे, पण येथे ते जसेच्या तसे लागू होत नाही. बीडीडी चाळी सरकारी जमिनीवर आहेत आणि तो प्रकल्प म्हाडा राबवते. येथे खाजगी मालक, खाजगी विकासक आणि एक छोटा भूखंड आहे. वरळीकडे बोट दाखवून संमती मागणाऱ्याला हा फरक विचारलाच पाहिजे.

संमती न देता आहे तिथेच राहण्याचाही विचार झाला. पण दरवर्षी पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, आणि एकदा त्या यादीत नाव आले की घर खाली करण्याची वेळ आपल्या सोयीने येत नाही. म्हाडा कायद्यातील कलम ७९-अ नुसार धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव आणण्यासाठी सहा महिने, त्याने न आणल्यास भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि त्यानंतर म्हाडाला पुढाकार घेण्याची तरतूद आहे. भाडेकरूंच्या हातात काहीच नाही ही समजूत त्यामुळे खरी नाही, पण ‘काही न करता राहू’ हा पर्यायही उरत नाही.

कुटुंबाने चाळ समितीच्या मदतीने काही गोष्टी स्वतः पाहिल्या. मालक आणि विकासक यांच्यातील करार नोंदणीकृत आहे का, म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र निघाले आहे का, ४०५ फूट कार्पेट आहे की त्यात गॅलरी आणि कोनाडे मोजले आहेत, भाड्याचे किती महिन्यांचे धनादेश आगाऊ मिळणार, आणि विकासक काम सोडून गेला तर बँक हमी कोणाच्या नावावर असेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीला गोलमोल आले. बऱ्याच भाडेकरूंनी मिळून तोच प्रश्न लेखी विचारल्यावर ते स्पष्ट झाले. एकट्याने विचारलेला प्रश्न अडवणूक समजला जातो, आणि तोच पन्नास सह्यांनी गेला की त्याला अट म्हणतात. संमतीची टक्केवारी ७० वरून ५१ वर आल्यापासून तर एकट्या भाडेकरूचे बळ आणखी कमी झाले आहे.

देखभाल खर्च

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला मुद्दा नव्या घराच्या मासिक खर्चाचा आहे. आज खोलीचे भाडे आणि उपकर मिळून घराच्या खर्चात जाणवतही नाही. नव्या इमारतीत उद्वाहने, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक, सामाईक वीज आणि मालमत्ता कर येतात, आणि हे सारे दरमहा भरावे लागते. नियमावलीनुसार पुनर्वसन इमारतीच्या देखभालीसाठी विकासकाने निधी उभा करायचा असतो. त्याच्या व्याजातून खर्चाचा काही भाग भागतो. बाकीचा रहिवाशांवर येतो, आणि उद्वाहने जुनी होतात तसा तो वाढत जातो.

गिरणगावात पुनर्विकासानंतर परत आलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी जण काही वर्षांत घर विकून कल्याणच्या पुढे किंवा विरारकडे जातात, त्यामागे हेच एक मोठे कारण आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, घर मिळाले आणि यांनी पैशाच्या मोहाने विकले. ज्या घरात एक पगार आहे, मुलांच्या फीचे दिवस आहेत आणि दरमहा देखभालीची थकबाकी सूचनाफलकावर लागते, त्या घराने केलेल्या विक्रीला मोह म्हणणे मला पटत नाही. म्हणूनच ‘परत येता येईल का’ हा प्रश्न किल्ली मिळण्यापाशी संपत नाही. परत आल्यावर दहाव्या वर्षी तेथे राहता येईल का, असा तो विचारावा लागतो.

या कुटुंबाने दोन्ही पगारांचा हिशेब मांडला. आजच्या दोन पगारांत नव्या घराची देखभाल बसते, एका पगारात बसत नाही. याचा अर्थ असा झाला की परळमध्ये राहण्याचा आधार वारसा किंवा आठवणी यांत नसून सुनेच्या नोकरीत आहे. ज्या व्यक्तीचे नाव पावतीवर नाही, करारावर येणार नाही आणि चर्चेत जिने फक्त आपली अडचण सांगितली असे सर्वांना वाटले, तिच्यावर सगळा निर्णय उभा होता. हे ध्यानात आल्यावर धाकट्यांनी नव्या घराच्या करारात आईच्या बरोबरीने पत्नीचेही नाव घालता येईल का, हे वकिलाला विचारले. ते विचारणे मला या साऱ्या प्रक्रियेतले सर्वांत योग्य पाऊल वाटते.

आईचे म्हणणे

आईला शेवटी विचारले गेले. सर्वांनी धरून चालले होते की ती खोली सोडायला तयार होणार नाही. तिचे उत्तर वेगळे निघाले. मजल्यावरच्या सोळा खोल्यांपैकी सहा बंद असतात, दोन खोल्यांत कुणा व्यापाऱ्याचा माल भरलेला असतो, आणि ज्या बायकांबरोबर ती पापड लाटायला बसत असे त्यांच्यातली एकच आता चाळीत उरली आहे, असे तिने सांगितले. खोलीचे तिला फारसे वाटत नव्हते. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: गुडघ्याच्या आणि रक्तदाबाच्या उपचारांसाठी केईएम रुग्णालय आपले आपण जाता येईल एवढ्या अंतरावर असावे, आणि संध्याकाळच्या भजनाला जाता यावे. तिसऱ्या मजल्याचा जिना आणि टोकाचे शौचालय यांचा तिला रोज त्रास होतो, हेही तिने प्रथमच बोलून दाखवले.

या उत्तराने दोन्ही मुलांच्या समजुती बदलल्या. धाकटे जी चाळ वाचवू पाहत होते ती आईच्या लेखी बरीचशी आधीच रिकामी झाली होती. थोरले तिला ज्या मोठ्या, उद्वाहन असलेल्या घरात नेऊ पाहत होते तेथे तिच्या जिन्याचा प्रश्न सुटला असता, पण रुग्णालयात जाण्यासाठी तिला कायम कोणाची तरी सोबत लागली असती. परळमध्ये केईएम, वाडिया आणि टाटा स्मारक ही रुग्णालये एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. देशभरातून माणसे जेथे उपचारांना येतात, त्या जागेचा शेजार वृद्धापकाळी सोडणे हा लहानसा तोटा नव्हे, आणि घरांच्या किमतींच्या कोणत्याही तक्त्यात तो लिहिलेला नसतो.

काय ठरले

खोली विकायची नाही, असे ठरले. पुनर्विकासाला संमती देण्यात आली, मात्र पावती आईच्या नावावर झाल्यावर आणि वैयक्तिक करार नोंदणीकृत झाल्यावरच खोली खाली करायची, या अटीवर. मधल्या वर्षांसाठी विकासकाचे भाडे परळमध्ये घर घ्यायला पुरत नव्हते. बदलापूरला ते पुरून उरले असते. कुटुंबाने वरची रक्कम स्वतः घालून परळमध्येच, उद्वाहन असलेल्या एका इमारतीत लहान घर भाड्याने घेण्याचे ठरवले. निदान मुलीची बारावी होईपर्यंत आणि सुनेची नोकरी अखंड राहील अशा रीतीने हा खर्च सोसायचा, असा त्यामागचा विचार होता. वरच्या रकमेतला थोडा वाटा थोरल्यांनी आपणहून उचलला. तो आईच्या औषधोपचारांजवळ राहण्याचा खर्च आहे, असे त्यांनी मानले.

त्याचबरोबर कुटुंबाने स्वतःवर एक मर्यादा घालून घेतली. भाड्याचे धनादेश सलग सहा महिने थांबले, किंवा इमारत पाडल्यानंतर दोन वर्षांत जोत्याच्या वर काम गेले नाही, तर पुन्हा एकत्र बसायचे आणि तेव्हा मिळेल त्या किमतीला हक्क विकण्याचा पर्याय खुला धरायचा. मला ही मर्यादा निर्णयाइतकीच मोलाची वाटते. वाट पाहणाऱ्या कुटुंबांचे नुकसान बहुधा पहिल्या निर्णयाने होत नाही. परिस्थिती बदलल्यावरही तो निर्णय अभिमानाचा विषय होऊन बसतो, आणि मग त्याचा फेरविचार म्हणजे हार वाटू लागते. तेथे खरे नुकसान होते.

एका बाबतीत मात्र माझे मत कुटुंबापेक्षा वेगळे आहे. धाकट्यांच्या ऐरोलीच्या प्रवासाचा विचार कोणी गंभीरपणे केला नाही, त्यांनी स्वतःही नाही. रोजचे जवळजवळ तीन तास पुढची पंधरा वर्षे खर्च होणार आहेत, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम होतो. मुलीची बारावी झाल्यावर त्यांनी परळच्या जवळ काम शोधावे, त्यासाठी थोडा कमी पगारही चालवून घ्यावा, असे मी सुचवले. पगार कमी झाला तर देखभालीचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, हे त्यांनी लगेच दाखवून दिले, आणि ते बरोबर आहे.

पावती बदलण्याच्या अर्जाला मालकाने अजून लेखी उत्तर दिलेले नाही. तोंडी त्याने नावबदलासाठी रक्कम मागितली आहे. वारसाने मिळणारा हक्क आणि विकत घेतलेला हक्क यांत फरक आहे, पहिल्यासाठी अशी रक्कम देण्याचे कारण नाही, असे वकिलाचे मत आहे, आणि त्या आशयाचे पत्र मालकाला पाठवले गेले आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत करारावर सही करायची नाही, यावर दोघे भाऊ एकमत आहेत.